वाचकांचे प्रश्न : चामखीळ समजलेली गाठ

प्रश्न : माझ्या वडिलांचं आयुष्य शेतात अनवाणी काम करण्यात गेलं. काही वर्षांपूर्वी घोट्याजवळ काटा मोडला आणि पुढे तिथेच गाठ आली. चामखीळ म्हणून ती दोनदा जाळून घेतली, तरी परत आली. आता ती तळहाताएवढी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत झाली आहे आणि सतत खाजते. नव्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, त्यात ‘क्रोमोब्लास्टोमायकोसिस’ निघालं. काळ्या बुरशीचा आजार म्हटल्यावर घरात सगळे घाबरलेत. कोविडच्या वेळची ती हीच का? लहान मुलांना लागेल का? वर्षभर गोळ्या घ्यायची खरंच गरज आहे का? खाजेसाठी घरातलं जुनं मलम लावू का?

उत्तर : ताई, आधी मुलांचं सांगतो. वडिलांपासून हा आजार कुणालाही होत नाही. ही बुरशी मातीत, कुजक्या लाकडावर, पालापाचोळ्यात आणि काट्यांवर राहते. काट्याबरोबर ती कातडीच्या आत गेली, तरच आजार होतो. तेव्हा वडिलांचं ताट, अंथरूण, टॉवेल काही वेगळं करू नका. नातवंडांना त्यांच्या मांडीवर खुशाल बसू द्या. आजारापेक्षा घरातल्यांनी धरलेल्या अंतराने खचलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

कोविडच्या साथीत गाजलेला म्युकरमायकोसिस वेगळा. त्यातली बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्या बंद पाडते, त्यामुळे मांस मरून काळं पडतं आणि काही दिवसांत माणसाच्या जिवावर बेततं. वडिलांच्या पायातली बुरशी मात्र खरोखरच गडद रंगाची आहे. तिच्या पेशींच्या भिंतींमध्ये मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं. आपल्या पांढऱ्या पेशी तिला मारायला जी रसायनं सोडतात, त्यांचा मारा हे मेलॅनिन बोथट करतं. म्हणून शरीर तिला संपवू शकत नाही आणि ती वर्षानुवर्षं सावकाश पसरत राहते. कातडीत ती जाड भिंतीच्या, मध्ये पडदे असलेल्या गोल तपकिरी पेशींच्या रूपात बसते. मेडलर या संशोधकाने १९१५ साली या पेशींचं वर्णन केलं, म्हणून रिपोर्टात ‘मेडलर बॉडीज’ असे शब्द असतील. त्या दिसल्या की निदान पक्कं.

या पेशी शोधायला फार मोठी यंत्रणा लागत नाही, तरी त्या वेळेवर शोधल्या जात नाहीत, याची मला फार हळहळ वाटते. अशा गाठीवर भिंगातून बारीक काळे ठिपके दिसतात. कातडी आतला कचरा, वाळलेलं रक्त आणि बुरशी वर ढकलते, तेच ते ठिपके. तिथली खरवड १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की तपकिरी पेशी बऱ्याचदा सापडतात. काळे ठिपके चामखिळीवरही असतात, तिथे ते बारीक वाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. मातीत राबणाऱ्या माणसाची ‘चामखीळ’ जाळल्यावर पुन्हा आली, तर तिसऱ्यांदा जाळण्याआधी खरवड तपासा, असा आग्रह प्रत्येक वाचकाने धरावा.

वडिलांचा तुकडा कल्चरलाही, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायलाही, गेला होता का, हे डॉक्टरांना विचारा. तुकडा टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, म्हणून कल्चरसाठी वेगळा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. ही बुरशी हळू वाढते, त्यामुळे रिपोर्टला काही आठवडे लागतात.

आता गोळ्या. गाठ लहान असताना ती कापून किंवा द्रव नायट्रोजनने गोठवून भागतं. तळहाताएवढी झाल्यावर इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लागतं, सहसा रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम आणि तेही कित्येक महिने. वर्ष लागणं नवलाचं नाही. कॅप्सूल भरल्या पोटी द्या. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सोबत दिल्या तर ती नीट शोषली जात नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर पहिल्या गोळीच्या आधी डॉक्टरांना सांगा. यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागेल. दोन-तीन महिन्यांत खाज थांबते, गाठ बसते आणि इथेच बहुतेक घरांत गोळ्या बंद होतात. तसं करू नका, कारण आत बुरशी शिल्लक असते. कधी थांबायचं हे पाय आणि पुन्हा केलेली तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील.

जुनं मलम आजच टाकून द्या. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज थांबेल आणि बुरशीला रान मोकळं होईल. खाजवल्यानेही ती आजूबाजूला पसरते. खूप जुन्या गाठींत क्वचित कर्करोग होतो, म्हणून न भरणारा व्रण किंवा एकाएकी वाढलेला भाग दिसला तर लगेच दाखवा. मातीत उतरताना बंद बूट हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली हा आजार दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला. कष्टकऱ्यांचे पाय तपासायला खाली वाकणारे डॉक्टर त्याआधीही हवे होते, आजही हवे आहेत.

प्रश्न : मुलीच्या तळहातावर तपकिरी-काळा डाग आहे. दुखत नाही, खाजत नाही, पण हळूहळू वाढतोय. हा कर्करोग तर नसेल?

उत्तर : टिनिया नायग्रा हा बुरशीचा वरवरचा आजार असू शकतो. हॉर्टिया वर्नेकी ही खारट जागी वाढणारी गडद बुरशी फक्त वरच्या मृत थरात राहते, खोल जात नाही. वर सांगितलेली खरवडीची तपासणी इथेही करतात आणि उत्तर काही मिनिटांत मिळतं. बुरशी निघाली तर काही आठवडे लावायच्या मलमाने डाग जातो. न निघाल्यास मात्र तो तीळ समजून त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी पाहायच्या खास भिंगाने, पाहायलाच हवा. ही भेट पुढे ढकलू नका.