अवॉर्ड लेटरमधील फेडरल कर्जाच्या दोन ओळींचा अर्थ काय, आणि ते सगळे कर्ज घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, आपले कुटुंब ग्रीन कार्डवर अमेरिकेत राहते, मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे आणि तिच्या अवॉर्ड लेटरमध्ये (विद्यापीठाच्या आर्थिक मदतीच्या पत्रात) सबसिडाइज्ड कर्ज ३,५०० डॉलर व अनसबसिडाइज्ड कर्ज २,००० डॉलर अशा दोन ओळी आहेत; या दोहोंत फरक काय, वडील म्हणून आपल्याला जामीन राहावे लागेल का, आणि ही सगळी रक्कम घ्यावी का. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलाच्या वेळी मी हे सगळे चुकत चुकत शिकलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी त्या पत्राच्या मांडणीविषयी सांगायला हवे, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. आमच्या पत्रात अनुदान, वर्क-स्टडी आणि कर्ज या सगळ्या रकमा एकाखाली एक छापलेल्या होत्या आणि तळाशी त्यांची एकच बेरीज होती. ती बेरीज मी मदत समजून वर्षाच्या खर्चातून वजा केली आणि उरलेला आकडा पाहून निर्धास्त झालो. पत्नीने पेन्सिलीने कर्जाच्या ओळी खोडल्या, मग वर्क-स्टडीचीही ओळ खोडली, कारण ते पैसे मिळालेले नसतात, मुलाने वर्षभर काम करून ते कमवायचे असतात; मग तिने पुन्हा वजाबाकी केली, तेव्हा खरा आकडा समोर आला. आपणही हे आधी करावे. परत करावी न लागणारी रक्कम म्हणजे अनुदान आणि शिष्यवृत्ती, एवढेच.

आता त्या दोन ओळी. दोन्ही कर्जे अमेरिकेच्या केंद्र (फेडरल) सरकारचे शिक्षण खाते थेट देते. २०१० पूर्वी खासगी बँका सरकारी हमीवर अशी कर्जे देत असत. तो मार्ग त्या वर्षी बंद झाला, पण जुन्या लेखांत त्या काळातील ‘स्टॅफर्ड’ हे नाव अजून भेटते, त्याने गोंधळून जाऊ नये. दोन्ही कर्जांचा व्याजदर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एकच असतो. फरक आहे तो व्याज कोण भरते याचा. मुलगी निदान अर्धवेळ शिकत आहे तोवर, आणि शिक्षण संपल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या सवलतीच्या काळात, सबसिडाइज्ड कर्जाचे व्याज सरकार भरते. अनसबसिडाइज्ड कर्जावर मात्र पैसे विद्यापीठाच्या खात्यात जमा झाल्याच्या दिवसापासून व्याज चढू लागते, आणि ते तिच्याच नावावर साचते. सबसिडाइज्ड कर्ज कुटुंबाची गरज पाहून मिळते. ती गरज फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीसाठी भरायच्या अर्जातील माहितीवरून काढलेल्या निर्देशांकावर ठरते. दुसऱ्या कर्जाला गरजेची अट नाही.

दर दरवर्षी १ जुलैपासून बदलतो. मे महिन्यात सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा लिलाव होतो, त्यावरून तो काढतात. २०२५-२६ साठी तो ६.३९ टक्के होता; २०२०-२१ मध्ये २.७५ टक्के होता. ज्या वर्षीचे कर्ज, त्या वर्षीचा दर, आणि तो फेडून होईपर्यंत कायम. म्हणजे चार वर्षांत आपल्या मुलीच्या नावावर चार वेगवेगळ्या दरांची कर्जे असू शकतील. आपल्या २,००० डॉलरचा हिशेब ६.३९ टक्क्यांनी केला तर वर्षाचे व्याज १२७.८० डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे ३५ सेंट होते. ऐकायला किरकोळ वाटते. पण चार वर्षांचे शिक्षण आणि पुढचे सहा महिने धरले, तर पहिल्या वर्षाच्या एवढ्याशा कर्जावर पाचशे डॉलरांहून अधिक व्याज साचते, आणि नंतर भरलेला हप्ता आधी त्या व्याजात जिरतो, मग मुद्दलाला लागतो. आमच्या मुलाने दुसऱ्या वर्षापासून हे व्याज उन्हाळ्यातील कमाईतून भरून टाकायला सुरुवात केली. शिकत असताना व्याज भरण्याची सक्ती नाही, मनाईही नाही.

जामिनाचा प्रश्न सोपा आहे. ही दोन्ही कर्जे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असतात. आपली सही लागत नाही आणि तिची पतही तपासली जात नाही. म्हणूनच मर्यादाही लहान आहेत. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलर मिळू शकतात, आणि पदवीपर्यंतची एकूण मर्यादा ३१,००० डॉलर आहे. फाफ्सा मात्र दरवर्षी नव्याने भरावा लागतो, आणि त्यात आपल्याला आपले वेगळे खाते उघडून करविवरणाची माहिती घेण्यास संमती द्यावी लागते. ती संमती म्हणजे जामीन नव्हे.

एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्या मुलांना ही कर्जे मिळत नाहीत. पण मूल अमेरिकेत जन्मलेले असेल, तर आई-वडील कोणत्याही व्हिसावर असले तरी त्याचा हक्क राहतो. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढे नोंदवून ठेवतो.

सगळी रक्कम घ्यावी का? माझे मत असे की सबसिडाइज्ड कर्ज पूर्ण घ्यावे, कारण शिक्षण चालू असेपर्यंत ते बिनव्याजी आहे. अनसबसिडाइज्ड कर्ज मात्र खोडलेल्या पत्रावरील खरी तूट पाहून, लागेल तेवढेच घ्यावे. संकेतस्थळावर कमाल रक्कम आधीच भरलेली दिसते म्हणून ती तशीच स्वीकारायची गरज नाही. ती कमी करता येते. घेतल्यानंतर जास्तीची वाटली, तरी पैसे जमा झाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत केल्यास त्या भागावर व्याज लागत नाही, आणि कर्ज देताना त्या भागावर कापलेले शुल्कही रद्द होते. हे शुल्क १ टक्क्याहून किंचित जास्त असते आणि आधीच कापले जाते, म्हणून ५,५०० डॉलरचे कर्ज खात्यात ५,४४० डॉलरच्या आसपासच दिसेल.

चार वर्षे कमाल रक्कम घेतली तर मुद्दल २७,००० डॉलर होते. सगळ्याला ६.३९ टक्के दर धरून आणि साचलेले व्याज बाजूला ठेवून हिशेब केला, तर दहा वर्षांत फेडताना महिन्याचा हप्ता ३०५ डॉलरच्या आसपास येतो, आणि पंधरा वर्षांत फेडताना २३४. हलका हप्ता पाहून मुदत वाढवण्याचा मोह होतो, पण एकूण भरणा त्यात सुमारे साडेपाच हजार डॉलरने वाढतो.

एवढ्यानेही तूट भरून निघाली नाही, तर विद्यापीठ आपल्याला पॅरेंट प्लस (आई-वडिलांना मिळणारे सरकारी) कर्ज सुचवील, आणि तिथे मी हात आखडता घेण्याचा सल्ला देईन. ते कर्ज आपल्या नावावर असते, त्याचा दर जास्त असतो (२०२५-२६ साठी ८.९४ टक्के), शुल्क ४ टक्क्यांहून जास्त असते आणि ते मुलीच्या नावावर वळवता येत नाही. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवे कर्ज घेणाऱ्यांसाठी त्यावर एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. आपली पत नाकारली गेल्याने प्लस मिळाले नाही, तर मुलीला स्वतःच्या नावावर पहिल्या दोन वर्षांत दरवर्षी ४,००० डॉलरपर्यंत जादा अनसबसिडाइज्ड कर्ज मिळू शकते, हे फारसे कोणी सांगत नाही.

मुलीने करायचे ते एवढेच: कर्जदारांसाठीची माहितीपर प्रश्नावली पूर्ण करणे आणि वचनचिठ्ठीवर सही करणे. ही सही सहसा एकदाच होते आणि पुढच्या वर्षांच्या कर्जांनाही लागू राहते, म्हणून ती तिने वाचून करावी. त्या वेळी तिने विद्यापीठाचा नव्हे, स्वतःचा कायमचा ईमेल पत्ता द्यावा. आमच्या मुलाने विद्यापीठाचा दिला होता. पदवीनंतर ते खाते बंद झाले आणि पहिल्या हप्त्याची सूचना तिथेच पडून राहिली.