भिंत त्यांची, फ्लेमिंगो कोणाचे?

तुमचा प्रश्न असा आहे: सीवूड्सच्या एका कॅफेत भिंतीवर फ्लेमिंगो रंगवून दिले, मानधन मिळालं, लेखी करार नाही. आता तेच फ्लेमिंगो छापलेल्या कापडी पिशव्या त्यांच्या काउंटरवर विकायला आहेत. नोटीस पाठवावी का?

नको. निदान आज तरी नको.

काढणाऱ्याचा कॉपीराइट, हा नियम खराच आहे. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 17 मध्ये, त्याला अपवाद आहेत आणि त्यातला एक थेट आपल्या पोटावर येतो. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो केला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे 'करार केला नाही, तर हक्क माझ्याकडेच राहिले' हे तुमच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. रेखाचित्रांबद्दल वाद घालता येतो, कारण कायद्यात पेंटिंग आणि ड्रॉइंग हे शब्द वेगळे आहेत. भिंतीवर ब्रशने केलेल्या कामात ती पळवाट फारशी नाही. शिवाय बिनबुडाची कायदेशीर धमकी दिली, तर कलम 60 खाली समोरचाच कोर्टात जाऊ शकतो.

मग हातात काय उरतं? आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं बोलणं नीट चाळा. 'वेगळं ठरलेलं' असायला या कलमात सहीचा कागद लागतोच असं नाही. 'फक्त आतल्या भिंतीसाठी' असं तुम्ही लिहिलं असेल आणि त्यांनी हो म्हटलं असेल, तर ते सोनं आहे. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्केचबुक. तो मान वळवलेला फ्लेमिंगो कॅफेचं काम येण्याआधी तुम्ही कुठे काढला होता का? ऐरोलीच्या खाडीवर बसून केलेली पानं, इन्स्टाग्रामवरची जुनी पोस्ट, प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमधली तारखेसकट फाइल, काहीही चालेल. ते चित्र कॅफेच्या सांगण्यावरून झालेलं नाही, त्यामुळे त्याचा कॉपीराइट तुमचा, आणि पिशवीवर त्याचीच नक्कल असेल तर बाजू एकदम पालटते. मग मात्र वकील गाठा.

दोन्ही नसलं तरी कलम 57 आहेच. कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क तुमचा, आणि तुमच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी चित्राची मोडतोड झाली तर तक्रारही तुमची. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्यावर 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना उरलेले अवशेष परत आणि 5 लाख रुपये भरपाई दिली. काम सांगणारं सरकार होतं, तरीही. तेव्हा पिशवीवर नाव छापा, ही मागणी अगदी रास्त आहे.

कॅफेवाल्याला साधा मेसेज टाका: 'पिशव्या छान झाल्यात. चित्रकार म्हणून माझं नाव त्यावर यावं, आणि विक्रीसाठीच्या वापराचं मानधन ठरवू या.' निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. समोरच्याला कायदा तुमच्याइतकाच माहीत नसतो!

पुढच्या कोटेशनमध्ये रकमेखाली हे टाका: 'चित्र फक्त आतल्या भिंतीसाठी. कॉपीराइट चित्रकाराकडे. वस्तू, जाहिरात किंवा पॅकेजिंगवर वापरायचं असल्यास वेगळं मानधन.' अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी त्यावर 'ओके' मिळवा. मी ठाण्यातल्या गिऱ्हाइकांना हे कायम पाठवतो. एखादा बिचकतो, बाकीचे न वाचता अंगठा दाखवतात.

उलट बाजूने मोठी कंपनी कागद पाठवेल तेव्हा मुदत आणि प्रदेश बघा. हक्क सोपवायला तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. म्हणूनच त्यांचे वकील 'कायमस्वरूपी, जगभर' घालतात. तसं हवं असेल तर दर तसा लावा.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा. ती असली की, लेखी ठरलं असलं तरी 45 दिवसांपलीकडे गिऱ्हाइकाने पैसे अडकवले, तर व्याजासकट मागता येतात.

जुनं स्केच सापडलं तर तारखेसकट सांगा, मग पिशवीमागे किती मागायचे ते बघू.