खाऱ्या टाकीत घाई नको

अरे, समुद्री माशांची टाकी करतोयस, पण समुद्र दारात आहे म्हणून रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरून कॅन भरून आणू नकोस, पावसाळ्यात तर नाहीच. भाट्याच्या खाडीचं गोडं पाणी मिसळून खारटपणा घसरतो, गाळ येतो तो वेगळा. आरओच्या पाण्यात टाकीसाठीचं मीठ (मिठागरातलं नव्हे!) विरघळवून हायड्रोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) १.०२५ आण. मग ४ ते ६ आठवडे माशांविना चालव, चिमूटभर खाद्य टाकत. खाद्य कुजून होणारी, माशांना विषारी अमोनिया आणि नायट्राइट ही द्रव्यं शून्यावर आल्याशिवाय मासा नको. आधी क्लाउनफिशची जोडी घे. फायरफिश गोबी गरीब स्वभावाचा, पण घाबरला की उडी मारतो. माझा एक सकाळी फरशीवर सुक्या बोंबलासारखा सापडला. जाळीचं झाकण हवंच. आणि आटलेल्या पाण्याच्या जागी गोडंच भर, मीठ काही उडून जात नाही.