अंधार पडल्यावर धावायचे की नाही?

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून नाशिकमध्ये नोकरी करते. सकाळी मुलांचे डबे आणि शाळा यांतून वेळ मिळत नसल्यामुळे जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनचा सराव मी संध्याकाळी सातनंतर गंगापूर रोडच्या परिसरात करत असे. गेल्या महिन्यात दुचाकीवरच्या दोन तरुणांनी बरेच अंतर माझा पाठलाग केला आणि घाणेरडे शेरे मारले. मी एका मेडिकलच्या दुकानात शिरले, तेव्हा ते निघून गेले. तेव्हापासून बुटाची नाडी बांधायला घेतली तरी छातीत धडधडते. सासूबाई म्हणतात, "आता पुरे झाले, घरात ट्रेडमिल घे." यजमानांचेही तेच मत आहे. मी धावणे सोडून द्यावे का?

उत्तर : सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र उद्यापासूनच पूर्वीसारखे एकटीने धावायला लागा, असेही मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी तुमचे काहीही चुकले नव्हते, हे आधी मनात पक्के करा. इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही उजेड आणि माणसे असलेले दुकान तुम्हाला सुचले, याचा अर्थ ऐन वेळी तुमचे डोके शाबूत राहते.

घडलेला प्रकार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लील शेरेबाजीसाठी कलम ७५ व ७९, तर स्पष्ट नकारानंतरही वारंवार केलेल्या पाठलागासाठी कलम ७८ आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही, आणि अशा गुन्ह्यांत पीडित स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. महिना उलटला असला तरी जागा, वेळ आणि गाडीचा आठवतो तेवढा क्रमांक लिहून द्यावा. त्या दोघांचा माग लागेलच असे नाही. पण त्याच रस्त्यावरून तशीच दुसरी तक्रार आली, तर संध्याकाळची गस्त मागायला ती नोंद आधार ठरते.

आता रस्त्याविषयी. आठ किलोमीटरचा एकच लांब, सरळ मार्ग धरण्यापेक्षा वर्दळीच्या भागातल्या एक-दीड किलोमीटरच्या फेऱ्या अंधारात कितीतरी बऱ्या. त्या कंटाळवाण्या वाटतात हे खरे, पण चार दिवसांत पेट्रोलपंपावरची मुले, औषधांचे दुकानदार, सोसायटीचे वॉचमन तुम्हाला ओळखू लागतात, आणि ओळखीचे डोळे हीच रस्त्यावरची सर्वांत मोठी सोबत असते. गोल्फ क्लब मैदानाचा किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक गर्दीच्या वेळेत वापरता आला, तर आठवड्यातले निदान दोन दिवस तिकडे वळवावेत.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. त्यामुळे अपघाताचा धोका कमी होतो, शिवाय मागून येऊन तुमच्या बरोबरीने गाडी हाकत राहणे कोणालाही अवघड जाते. तरीही कोणी रेंगाळू लागला, तर पुढे पळत सुटण्याऐवजी थांबून उलट दिशेने वळावे. तुम्हाला वळायला क्षण पुरतो, दुचाकीस्वाराला मात्र मागेपुढे पाहून गाडी वळवावी लागते. याच कारणाने अंधारातला सराव दम लागेपर्यंत करू नये. बोलता येईल इतका श्वास आणि ओरडता येईल इतकी ताकद शिल्लक ठेवावी. ओरडण्याचाही सराव लागतो, विशेषतः लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेल्या आपल्या पिढीला. "मागे हो! काय पाहिजे?" हे शब्द घराच्या गच्चीवर पूर्ण आवाजात म्हणून पाहा.

दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत, सोन्याचा दागिना घरी ठेवावा, कपड्यांवर चकाकणारी पट्टी असावी. घरच्या एका माणसाला व्हॉट्सॲपवर तासाभराचे लाइव्ह लोकेशन पाठवावे आणि फोनमधून ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक झटपट कसा लागतो, ते आधीच पाहून ठेवावे. स्ट्राव्हासारख्या ॲपवरचा धावण्याचा नकाशा अनोळखी लोकांना दिसू देऊ नये. घराजवळची सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय त्यात आहे.

धडधडीचे काय? ज्या जागेची भीती बसली ती जागा टाळत राहिले, की भीती वाढत जाते. म्हणून प्रथम यजमानांना सोबत घेऊन त्या रस्त्याने दिवसाउजेडी नुसते चालून यावे, मग संध्याकाळी चालावे, मग तुम्ही धावावे आणि त्यांनी सायकलवर मागे राहावे. त्यानंतर एखादी मैत्रीण किंवा धावण्याचा गट शोधावा. एखाद्या दिवशी पाय उचलला नाही, तर तो दिवस ट्रेडमिलला द्यावा. रस्ता मात्र कायमचा सोडू नये. महिना-दोन महिन्यांनीही झोप उडत असेल, तर समुपदेशकाची मदत जरूर घ्यावी.

सासूबाईंच्या काळजीचा अनादर करू नका, पण त्यांना एक सांगा. काळजीच्या नावाखाली बायकांना थांबवणे फार जुने आहे. स्त्रियांना इतके अंतर झेपणार नाही या समजुतीपायी ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच. ज्या नाशिकने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवणाऱ्या धावपटू कविता राऊत यांना 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून डोक्यावर घेतले, त्या नाशिकच्या सुनेला संध्याकाळी तासभर रस्ता मिळू नये, हे मला मुळीच मान्य नाही. घरच्यांना खरोखर मदत करायची असेल, तर त्यांनी बंद पथदिव्यांच्या खांबांवरचे क्रमांक टिपून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार नोंदवावी आणि दिवे लागेपर्यंत पाठपुरावा करावा. सकाळचे डबे यजमानांनी आठवड्यातून तीन दिवस केले, तर पहाटेचा पर्यायही तुमच्यासाठी खुला होईल.

प्रश्न : मी पुण्यात रोज रात्री धावतो. पुढे एखादी स्त्री एकटी धावत असेल, तर माझ्या पावलांच्या आवाजाने ती दचकते, असे अनेकदा जाणवते. मी काय करावे?

उत्तर : शक्य असेल तर आधीच रस्ता ओलांडून दुसऱ्या कडेने पुढे जावे. ते जमत नसेल, तर दहा-पंधरा पावले मागे असतानाच "उजवीकडून पुढे जातोय" असे साध्या आवाजात सांगावे, मध्ये भरपूर अंतर ठेवावे आणि पुढे गेल्यावर वेग कमी करू नये. तिच्या मागे त्याच वेगाने धावत राहणे टाळा. तुमचा हेतू कितीही चांगला असला, तरी तो तिला दिसत नसतो. तिने वळून पाहिले किंवा उत्तर दिले नाही, तर राग मानू नका. कोणी तिला त्रास देताना दिसला, तर थेट त्याच्या अंगावर धावून न जाता आधी तिच्याजवळ थांबून "मी इथे आहे, ११२ ला फोन करू का?" असे विचारा आणि ती सांगेल तसे करा.