वखारवाल्याची मुलगी आणि लाकडातलं नॅनोसेल्युलोज

लांज्याहून एका वडिलांचं पत्र आहे: ‘आमची लाकडाची वखार. मुलगी टीवायबीएस्सीला, केमिस्ट्री. म्हणते, लाकडातून नॅनोसेल्युलोज काढतात, त्यावर संशोधन करणार. आम्ही म्हणतो बीएड कर. यात पोटापाण्याचं काय?’

नमस्कार. पोटापाण्याचंच आधी. एमएस्सी-पीएचडी मिळून सात-आठ वर्षं धरा. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पुढे निव्वळ याच विषयातल्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच. पण कागद, पॅकेजिंग, रंग या धंद्यांत हे शिक्षण चालतं. बीएड कुठे पळून जात नाही.

आता तिच्यासाठी. लाकडात निम्म्याच्या आसपास सेल्युलोज, म्हणजे झाडाच्या तंतूंचा मुख्य घटक. लिग्निन, म्हणजे हे तंतू बांधून ठेवणारा घटक, काढून लगदा करायचा, मग त्याच्या तंतूंचे काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) जाडीचे धागे सोडवायचे. हेच नॅनोसेल्युलोज. (तुमचा भुसा लगेच कामाला येईल असं समजू नका, प्रयोगशाळा बहुधा ब्लीच केलेला लगदाच घेतात.) टोकियो विद्यापीठाच्या अकिरा इसोगाईंनी ‘टेम्पो’ नावाचं रसायन वापरलं. आपला मालाचा टेम्पो नव्हे! त्याने धाग्यांवर ऋण भार येतो, ते एकमेकांना ढकलतात आणि कमी ऊर्जेत सुटे होतात. वनउद्योगातल्या संशोधनाचं २०१५ चं मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक इसोगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालं ते यासाठीच.

पण हातात येतं काय, तर निवलेल्या पेजेसारखी जेल. त्यात माल शेकडा एक-दोन, बाकी पाणी. वाळवली की धागे असे चिकटतात की परत भिजवूनही नीट सुटत नाहीत. या जेलचा पातळ पापुद्रा कोरडा असताना ऑक्सिजन झकास अडवतो, दमट हवेत फुगतो आणि ढिला पडतो. जुलैत पापडाचा डबा उघडा राहिला तर काय होतं, ते तुमच्या घरी कुणाला सांगायला नको. ‘प्लास्टिकला पर्याय’ हे पेपरातलं झालं. रोजचं काम म्हणजे या पाण्याशी झटापट. ती आवडणार असेल तरच तिने यात पडावं.

माटुंग्याला कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सिरकॉटमध्ये, नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे, कापसापासूनचा. तिथे ईमेल करून परवानगी मागा आणि मिळाली तर तुम्हीही बरोबर जा. लाकूड तुम्हाला जास्त कळतं.

एमएस्सी आयआयटीतून करायची तर जॅम द्यावी लागेल. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज सप्टेंबरच्या सुमारास. गणपतीच्या धांदलीत तेवढी तारीख चुकवू नका.