नुसतं ऐकायचे पैसे?

प्रश्न : अशोक चौकाजवळ माझे टॉवेलचे चार माग आहेत. मुलानं इंजिनिअरिंग सोडलं. समुपदेशक बाईंकडे तीनदा गेला, पण सल्ला एकही नाही! नुसतं ऐकायचे पैसे कशाला?
एक वडील, सोलापूर

उत्तर : दादा, ऐकणं हेच तर त्यांचं काम. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं, की बिनशर्त स्वीकार, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि ऐकणाऱ्याचा खरेपणा मिळाला की माणूस आपणहून बदलतो. (एवढ्यावर भागतं का, यावर वाद आहेत; मलाही सल्ला द्यायची खुमखुमी येतेच.) धागा तुटला की तुम्ही आधी माग थांबवता, मग गाठ मारता. घरात मात्र खडखडाट चालूच! आज कडक भाकरी मोडताना विचारा, ‘नेमकं काय नकोसं झालं रे?’ आणि मध्ये बोलू नका.