११८ च्या पुढची मूलद्रव्यं का बनत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की ११८ नंबरचं ओगानेसन बनवता आलं तर ११९, १२०, १५० का नाही, शेवटी प्रोटॉनच तर वाढवायचेत. शिवाय १३७ वर सगळं संपतं हे खरं का, आणि ११९ बनलंच तर आवर्तसारणीत कुठे बसेल.

मी नाशिकला गंगापूर रोडला अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते, आणि जवळपास दर बॅचला कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. क्लासमधला चार्ट जुना आहे, त्यात ११३, ११५, ११७ आणि ११८ च्या चौकटीत तीन अक्षरी तात्पुरती नावं होती, २०१६ ला खरी नावं ठरली तेव्हा मी त्यावर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या चिठ्ठ्या बघूनच मुलं विचारतात.

आधी केंद्रक का टिकत नाही ते बघू. आमची दिंडोरीकडे थोडी द्राक्षबाग आहे. मोटर बंद केली की ठिबकचं प्रेशर उतरतं, तेव्हा ड्रिपरच्या तोंडाशी बसून थेंब बघा एकदा. आधी छोटा गोल असतो, घट्ट, मग फुगतो, लांबट होतो, वरच्या बाजूला मान बारीक होत जाते आणि तुटतो. केंद्रकाचं गणित पण थेंब समजूनच मांडतात. थेंबाला वजन खाली ओढतं, केंद्रकात मात्र ओढणारं वजन नाही, तिथे प्रोटॉनच एकमेकांना ढकलत असतात. प्रोटॉन-न्यूट्रॉनना चिकटवून ठेवणारं बल खूप जबरदस्त पण त्याचा पल्ला एकदम छोटा, फक्त शेजाऱ्यापर्यंत, आणि प्रोटॉनचं ढकलणं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं, म्हणून केंद्रक जेवढं मोठं तेवढं ढकलणं जास्त वाढतं. न्यूट्रॉन ढकलत नाही, फक्त चिकटवतो. म्हणून जड केंद्रकाला प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन बरेच जास्त लागतात, शिशात ८२ प्रोटॉनला १२६ न्यूट्रॉन असतात.

आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे, प्रोटॉन नाही, न्यूट्रॉन कमी पडतात. बहुतेक ठिकाणी फक्त "अस्थिर असतात" एवढंच लिहून सोडून देतात, त्याने काहीच कळत नाही. वही घ्या आणि ११४ नंबरचं फ्लेरोव्हियम स्वतः बनवून बघा. प्लुटोनियम-२४४ चं टार्गेट घ्यायचं, ९४ प्रोटॉन, १५० न्यूट्रॉन, आणि त्यावर कॅल्शियम-४८ चा मारा करायचा, २० प्रोटॉन, २८ न्यूट्रॉन. बेरीज ११४ प्रोटॉन आणि १७८ न्यूट्रॉन. पण दोन केंद्रकं एकमेकांत घुसल्यावर जे बनतं ते भयंकर तापलेलं असतं, थंड व्हायला तीन-चार न्यूट्रॉन बाहेर फेकतं, म्हणजे हातात उरले १७५, आणि हे फ्लेरोव्हियम-२८९ सुमारे दोन सेकंद टिकतं. थिअरी सांगते की न्यूट्रॉन १८४ झाले तर त्यांचे कप्पे पूर्ण भरतात आणि त्या भागातली केंद्रकं खूप जास्त टिकायला पाहिजेत, त्यालाच स्थैर्याचं बेट म्हणतात. आपण नऊ न्यूट्रॉन मागे. ते नऊ आणायचे कुठून, कारण कॅल्शियम-४८ हेच मुळात न्यूट्रॉनने गच्च भरलेलं असं विरळ कॅल्शियम आहे, निसर्गातल्या कॅल्शियममध्ये ०.२ टक्क्यापेक्षा कमी, आणि त्याहून जास्त न्यूट्रॉनवालं टिकाऊ काही या कामाला मिळत नाही.

आता मारा करणं पण सोपं नाही. वेग प्रकाशाच्या साधारण एक दशांश लागतो, कमी पडला तर प्रोटॉनच परत फेकतात, जास्त झाला तर तापून लगेच फुटतं, आणि बरोबर वेगाने टक्कर झाली तरी बहुतेक वेळा दोघं चिकटल्यासारखे होतात आणि परत वेगळे होतात. जपानमध्ये रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या टीमने बिस्मथवर जस्ताचा मारा करून ११३ बनवलं, निहोनियम. पहिला अणू २००४ ला, दुसरा २००५ ला, आणि तिसरा थेट २०१२ ला. मधली सात वर्षं मशीनसमोर बसायचं आणि काहीच दिसत नाही. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो, मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

टार्गेटची वेगळीच गोष्ट. ११७ साठी बर्केलियम लागत होतं, ते अमेरिकेत ओक रिजच्या रिॲक्टरमध्ये २५० दिवस शिजवून २२ मिलिग्रॅम मिळालं, आणि त्याचं हाफ लाइफ ११ महिन्यांच्या आसपास, म्हणजे वर्षभरात अर्ध्याहून जास्त संपणार. ते रशियाला पाठवताना कागदपत्रांचा घोळ झाला आणि पाकिटाने अटलांटिकवर पाच फेऱ्या केल्या. शेवटी रशियातल्या दुबनाच्या लॅबला पोचलं, १५० दिवस मारा केला आणि सहा अणू मिळाले.

याच पद्धतीने ११९ हवं असेल तर कॅल्शियमसोबत आइन्स्टाइनियम पाहिजे, आणि या कामाला चालेल असं आइन्स्टाइनियम मायक्रोग्रॅममध्येच मिळतं, त्याचं टार्गेट होत नाही. म्हणून कॅल्शियमची गाडी ११८ ला थांबली. आता कॅल्शियमच्या जागी टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम वापरायचं चाललंय, पण त्यांच्यात प्रोटॉन जास्त म्हणजे ढकलणं जास्त, आणि यश अजून विरळ. २०२४ ला बर्कलेच्या लॅबने टायटॅनियम-५० आणि प्लुटोनियम घेऊन ११६ बनवून दाखवलं, २२ दिवसांत दोन अणू. ११६ नवीन नव्हतं, पण टायटॅनियम चालतं हे कळलं, आणि त्यांचं पुढचं लक्ष्य टायटॅनियम आणि कॅलिफोर्नियमने १२० आहे. रिकेनवाले व्हॅनेडियम आणि क्युरियमने ११९ च्या मागे आहेत. त्यामुळे ११९ आणि १२० होतील असं मला वाटतं. १५० वगैरे आपल्या माहितीतल्या कुठल्याच पद्धतीने नाही.

१३७ चं म्हणाल तर तो आकडा इलेक्ट्रॉनचा आहे, केंद्रकाचा नाही. सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग साध्या हिशोबाने प्रकाशवेगाच्या प्रोटॉनसंख्या भागिले १३७ एवढा येतो, म्हणून १३७ च्या पुढे हिशोब बिघडतो. पण त्यात केंद्रक म्हणजे एक बिंदू धरलाय, खरं केंद्रक जाडजूड असतं, ते धरलं की अडचण १७३ च्या आसपास सरकते. तिथपर्यंत जायचा प्रश्नच येत नाही, त्याच्या खूप आधी केंद्रक फुटतं. आणि नवीन मूलद्रव्य म्हणायला केंद्रक सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागाइतकं तरी टिकावं लागतं, कारण त्याच्या आत इलेक्ट्रॉन गोळाच होत नाहीत, मग अणू कशाला म्हणायचा.

११९ बसेल फ्रान्सियमच्या खाली, आठव्या ओळीची सुरुवात. पण खाली बसलं म्हणून वरच्यासारखं वागेल हे गृहीत धरू नका, कारण इतक्या जड अणूत आतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरतात आणि त्यामुळे बाहेरच्यांचं पण गणित बदलतं. फ्लेरोव्हियम शिशाच्या खाली आहे, तरी शिशापेक्षा खूपच सहज उडून जातं. ओगानेसन निष्क्रिय वायूंच्या रांगेत आहे, पण हिशोब सांगतो की ते नेहमीच्या तापमानाला वायू नसून घन असेल. तपासून बघता येत नाही, आत्तापर्यंत पाच-सहाच अणू मिळालेत आणि प्रत्येक मिलिसेकंदाच्या आसपास टिकला.